इथे वळायचं असतं

१

मोजणीदाराला सकाळी कुणी घाई केलेली आवडत नसे आणि त्याच्या ताईला उजाडल्यावर कुणी लोळत पडलेलं खपत नसे. त्यामुळे तो तिच्याकडे मुक्कामाला आल्यापासून रोज सकाळी तीच चकमक व्हायची. ताई चहाचे दोन कप ओट्यावर आदळायची. त्या आवाजाने मेलेला माणूससुद्धा उठून बसला असता.

"सरकारी साहेब, उठा. जमीन पळून जात नाही म्हणून काय दुपारपर्यंत झोपायचं?"

"पळून जात नाही म्हणूनच तर ही नोकरी धरली," तो पांघरुणातून म्हणायचा.

वस्ती चौदा घरांची होती. एक लांबट उतार, वरच्या अंगाला तलाव, तलावातून निघालेला पाट आणि पाटाच्या दोन्ही हातांना पायरीपायरीने उतरलेली शेतं. तीस-पस्तीस वर्षांतून एकदा इथली मोजणी व्हायची. या खेपेला कचेरीत विषय निघाला तेव्हा मोजणीदाराने आपणहून हात वर केला, कारण ताई याच वस्तीत दिलेली होती. भावजींना जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, शेती एकटीच ओढत होती. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ताई तेरा. त्याला भरवण्यापासून परीक्षेला धाडण्यापर्यंत सगळं तिने केलं. तो हे कधी बोलून दाखवत नसे, पण त्याचा या जगात जीव होता तो एवढ्या एकाच माणसावर.

मोजणीदाराने गावकऱ्याच्या घरी उतरू नये असा नियम आहे. नियम करणाऱ्याला बहीण नसावी. तो ताईकडेच उतरला आणि पहिली खुंटीही त्याने तिच्याच ओट्याच्या कडेला ठोकली. पहिली खुंटी म्हणजे मोजणीचं मूळ. तिच्यावर यंत्र उभं करायचं आणि तिथून सगळ्या गावाची अंतरं काढत जायचं.

"माझ्या ओट्याला भोक पाडलंस," ताई म्हणाली.

"सरकारी भोक आहे. जपून ठेव."

२

दुसऱ्या दिवशी ताई समोरच्या शेतात नांगर धरून होती. मोजणीदार यंत्राच्या दुर्बिणीतून सहज तिच्याकडे बघत होता. नांगर सरळ आला, शेताच्या मधोमध पोचला आणि वळला. थोडं पुढे जाऊन पुन्हा वळला, मग तिसऱ्यांदा वळून आपल्या वाटेला लागला. मध्ये एक चौकोन कोरा राहिला. तिथे दगड नव्हता, झाड नव्हतं, पडक्या भिंतीचा मागमूसही नव्हता. नुसतं आखूड गवत होतं.

त्याच्या हाताखाली काठी धरायला पाटकरी होता. तलावाचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात पाळीने सोडायचं हे त्या म्हाताऱ्याचं काम, आणि वस्तीची इंच न इंच जमीन त्याच्या पायाखालची.

"काका, ती मध्येच वळते कशाला?"

"तिथे वळायचं असतं, पाहुणे."

"ते दिसतंय. पण का?"

"आता का म्हणजे!" म्हातारा जरा चिडलाच. "ठेंगण्या दारातून जाताना वाकता की नाही? तेव्हा विचारता का?"

दुपारी जेवताना त्याने ताईला छेडलं. तिने खांदे उडवले. सासूबाई वळवायच्या म्हणून ती वळवायची, आणि बैल तर आपले आपणच वळतात. त्या तुकड्यात पाय कुणीच ठेवत नाही. का ते तिला ठाऊक नव्हतं आणि नांगरटीच्या दिवसांत असल्या चौकशा करायला तिला वेळही नव्हता.

अशा तीन जागा होत्या वस्तीत. दोन लांबच्या शेतांत, एक ताईच्या. एका दुपारी त्याने बघितलं, पाटकऱ्याने पाटाचं तोंड त्या कोऱ्या चौकोनाकडे मोकळं केलं. पाणी चौकोनाच्या कडेपर्यंत आलं, आत शिरलं आणि संपलं. खालच्या अंगाला माती कोरडी ठणठणीत होती.

"घरं चौदा, पाळ्या सतरा," पाटकरी फावडं खांद्यावर टाकत म्हणाला. "माझ्या बापाने सतरा सांगितल्या, मी सतरा सोडतो. तीन पाळ्या अशाच जातात."

मोजणीदाराने वहीत लिहिलं: जमिनीला भेगा असाव्यात. लिहिल्यावर त्याला बरं वाटलं.

३

पाचव्या दिवशी कच्चा नकाशा तयार झाला. त्याने तो ओट्यावर पसरला आणि चारी कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या. ताई हात पुसत आली आणि एकेका घरावर बोट ठेवत गेली. ही शेजारीण, हा पाटकरी, हे तळ्याकाठचे. बोट थांबलं.

"माझं घर कुठाय?"

त्याने मोजलं. तेरा. पुन्हा मोजलं. तेरा. मग तो इतका हसला की चहा सांडला.

"अगं, मी उभा इथेच ना. इथून सगळ्यांकडे बघितलं. स्वतःच्या पायाखाली कोण बघतंय?"

"शाबास. सख्ख्या बहिणीला बेघर केलंस."

"उद्या बसवतो तुला नकाशात. दोन मिनिटांचं काम."

दुसऱ्या दिवशी त्याने यंत्र पाटकऱ्याच्या दारात उभं केलं. तिथून ताईचं घर समोर, मधे कसलाही आडोसा नाही. डावीकडे शेजारणीची भिंत, उजवीकडे चिंचेचं झाड, मधे ताईचं घर, अंगणात ताई कपडे वाळत घालतेय. त्याने दुर्बिणीला डोळा लावला. शेजारणीची भिंत दिसली. भिंतीला लागून चिंचेचं झाड दिसलं. दोघांच्या मधे बोटभरही जागा नव्हती.

त्याने डोळा काढला. घर होतं, ताई चादर झटकत होती. डोळा लावला. भिंत, झाड. काच पुसली, दुर्बीण फिरवून पाटकऱ्याच्या म्हशीकडे लावली. म्हैस व्यवस्थित दिसली, कानावरच्या माशीसकट. पुन्हा ताईच्या घराकडे लावली. भिंत, झाड.

ऊन फार आहे, उन्हात असं होतं, असं त्याने स्वतःला समजावलं. वीस वर्षांच्या नोकरीत असं एकदाही झालं नव्हतं, हे मात्र त्याने स्वतःला सांगायचं टाळलं.

४

कचेरीतून येताना त्याने आधीच्या तीन मोजण्यांचे नकाशे एका नळीत घालून आणले होते. आणायचे असतात म्हणून आणले होते, उघडले नव्हते. आता त्याने ते ओट्यावर ओळीने मांडले.

सगळ्यात जुन्यावर घरं सोळा. मधल्यावर पंधरा. शेवटच्यावर चौदा. त्याच्या स्वतःच्यावर तेरा.

दर नकाशाच्या समासात मोजणीदाराने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, की आरंभ अमक्याच्या ओट्यावरून केला. पहिल्याने एका सुताराच्या ओट्यावरून सुरुवात केली होती. त्या नकाशात सुताराचं घर नव्हतं. दुसऱ्याने एका विधवेच्या पायरीवरून. तिचं घर त्याच्या नकाशात नव्हतं, आणि पुढच्यातही नव्हतं. तिसऱ्याने दोन भावांच्या एका घरापासून. तेही नाही.

म्हणजे माझ्यासारखेच सगळे गाफील, असं तो पुटपुटला. चूक सोपी होती, कुणाच्याही हातून झाली असती. पण मग पुढच्या मोजणीला आलेल्याला तरी ते घर दिसायला नको होतं का? घर काही चप्पल नव्हे, इकडची तिकडे व्हायला.

त्याने नव्या नकाशावर ते तीन कोरे चौकोन शोधले. मग जुन्या समासांतल्या खुणांवरून सुताराचा ओटा कुठे होता, विधवेची पायरी कुठे होती, दोन भावांचं घर कुठे होतं, ते मोजून काढलं. सुताराचा ओटा ताईच्या शेताच्या मधोमध येत होता.

"काका," त्याने पाटावर जाऊन विचारलं, "इथे कधी सुतार होता?"

"सुतार? आपल्या वस्तीत? काय राव, औताचा दांडा मोडला तर चार कोस जावं लागतं."

५

शेजारीण आणि ताई यांचं रोज सकाळी भिंतीवरून बोलणं व्हायचं. कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, सगळी वर्दी तिथेच लागायची. मोजणीदाराला झोपेत तो गलका ऐकू यायचा. आता दोन दिवस तो ऐकू आला नव्हता.

"ती बोलतच नाही रे," ताई म्हणाली. "मी काही लागेल असं बोलले का तिला? आठवत नाही."

"विचार ना सरळ."

"हाक मारली. बघितलंही नाही."

तो तसाच उठून बाहेर गेला. शेजारीण दारात धान्य पाखडत होती. त्याला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि तोंड भरून हसली.

"पाहुणे, चार दिवस दिसताय, विचारायचं राहूनच गेलं. उतरलात कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. ताईकडे."

"कुठल्या ताईकडे?"

ताई त्याच्या मागे अंगणात उभी होती. दहा पावलांवर. तिने हात हलवला आणि म्हणाली, "अगं ए, चेष्टा पुरे आता." शेजारीण त्याच्याच तोंडाकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. माणूस उन्हात फिरून बरळायला लागला की त्याच्याकडे बघतात, तशी ती काळजीने बघत होती.

"पाणी देऊ का, पाहुणे?"

तो मागे वळला. ताई घरात निघून गेली होती. तिने दार लावून घेतलेलं दिसलं. त्या दाराची बिजागरी गेली कित्येक वर्षं कुरकुरत होती आणि ताई तेल घालायचं रोज उद्यावर ढकलायची. आज ती कुरकुरली नाही.

६

त्या दिवशी पाण्याची पाळी ताईची होती. मोजणीदार मुद्दाम पाटावर गेला. पाटकऱ्याने आला तसा पाट फोडला, पाणी ताईच्या वाफ्यांकडे धावलं. मोजणीदाराने सुटकेचा निःश्वास सोडला.

"काका, एवढं एक बरं केलंत."

"माझं काय जातंय?" म्हातारा बांधावर टेकला. "पाळ्या सतरा. चार अशाच जातात."

"तीन म्हणाला होतात."

"चारच आहेत, पाहुणे. बापाने सांगितल्यापासून चार. ही चौथी. तिथे कुणी नाही, पण सोडायची असते."

मोजणीदार पळत सुटला. वीस वर्षांत तो कधी पळाला नव्हता, मोजणीदाराला पळायची वेळ येत नाही. ओट्यावर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

ताई होती. चहा घेऊन बाहेर येत होती. त्याला बघून ती म्हणाली, "कुणी मागे लागलंय का?" तिचा आवाज त्याच्यापर्यंत आला, पण मध्ये दोन-तीन खोल्या असाव्यात इतका लांबून आला. तिने दोन्ही कप ओट्यावर आदळले. नेहमीसारखेच, हात उचलून आदळले.

आवाज झाला नाही.

 मोजणीदाराने वाकून दोन्ही हातांनी पहिली खुंटी धरली आणि हिसडून उपटली. ताई बघत राहिली. काही बदललं नाही. त्याने यंत्र रस्त्यावर नेलं, तिथे नवी खुंटी मारली, दुर्बिणीला डोळा लावला. भिंत, झाड. तलावाच्या बांधावर नेलं. भिंत, झाड. देवळाच्या पायरीवर, ओढ्यात, पाटात गुडघाभर पाण्यात उभं राहूनही बघितलं. भिंत, झाड. आणि शेवटी त्याने नुसत्या डोळ्यांनी घराकडे बघितलं तेव्हा घराच्या भिंतीतून चिंचेचा बुंधा पुसट दिसायला लागला होता.

तो ओट्यावर परत आला. ताईने त्याचा हात धरला. तिचा हात थंड नव्हता, गरमही नव्हता.

"खरं सांग," ती म्हणाली. "काय झालंय मला? मी आजारी आहे का?"

"माझ्या हातून चूक झालीये, ताई. मीच दुरुस्त करतो."

"तुझ्या चुका मी निस्तरायच्या अशी आपली पद्धत आहे," ती म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. तिला भीती वाटत होती. तिला भ्यालेली त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

७

माणूस बुडायला लागला की डोकं फार वेगाने चालतं. मोजणीदाराने असा हिशोब मांडला: ज्या ओट्यावरून मोजायचं तो नकाशातून जातो. दुसऱ्या कुणाच्या ओट्यावरून नव्याने सुरुवात करायची तर त्याचं घर जाणार. शेजारणीचं, पाटकऱ्याचं. ते त्याच्याच्याने होणार नव्हतं. मग राहिलं काय? असा एक ओटा, जो आधीच गेलेला आहे. जे गेलंच आहे त्याचं आणखी काय जाणार?

त्याने तो हिशोब तीनदा तपासला. त्यात त्याला चूक सापडली नाही.

भर दुपारी तो यंत्र खांद्यावर टाकून ताईच्या शेतात उतरला. पाटकरी बांधावर बसला होता. जुन्या नकाशांची नळी मोजणीदाराने त्याच्या हातात दिली.

"धरा जरा."

"पाहुणे, तिथे पाय ठेवत नाही कुणी."

"दोन मिनिटांचं काम आहे, काका."

नांगरलेल्या ढेकळांतून तो चौकोनाच्या कडेला पोचला. समोर सपाट गवत होतं. त्याने पाय उचलून आत टाकला, आणि पाय वीतभर वरच टेकला. पायरी असावी तसा. दुसरा पाय टाकला तेव्हा टाच खणखणीत वाजली, फरशीवर वाजते तशी. डोक्यावर ऊन होतं, त्याला ते दिसत होतं, पण अंगाला लागत नव्हतं. घरात शिरल्यावर लागतो तसा गारवा होता. लाकडाच्या भुशाचा वास येत होता.

तो मागे बघणार होता, पण बघितलं नाही. तिपाई उभी केली. तिचे पाय मातीत रुतले नाहीत, टक टक वाजून टेकले. त्याच्या पाठीमागे कुणीतरी सरकून बसलं. दुसऱ्याला जागा करून देताना माणूस सरकतो, तेवढंच. कुठेतरी भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

त्याने दुर्बिणीला डोळा लावला.

शेजारणीची भिंत. चिंचेचं झाड. आणि दोघांच्या मधे ताईचं घर. ओटा, दार, दोरीवरची चादर, ओट्याच्या कडेला उपटलेल्या खुंटीचं भोक. सगळं लख्ख. त्याने अंतर घेतलं, कोन घेतला, फळीवरच्या कागदावर पेन्सिल टेकवली आणि चौदावं घर काढलं. रेघ पुरी झाली त्याच क्षणी उतारावरून आवाज आला. कुरकुर. ताईच्या दाराची बिजागरी.

दुर्बिणीत ताई बाहेर आली. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "अगं, होतीस कुठे? दोन दिवस झाले, तोंड नाही दाखवलंस." ताई काहीतरी म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या. मोजणीदाराच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो उभ्या उभ्या लहान पोरासारखा रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

मग ताईने ओट्याकडे बघितलं. तिथे चहाचे दोन कप होते. एक तिने उचलला. दुसऱ्याकडे ती जरा वेळ बघत राहिली, घरात एवढीशी चूक कशी झाली हे न कळल्यासारखी. त्यातला चहा तिने ओट्याखाली ओतला, कप विसळला आणि आत नेऊन ठेवला.

मोजणीदाराने घाईने नकाशाकडे बघितलं. चौदा घरं होती, मोजून चौदा. सगळ्यांकडे त्याने बघितलं होतं. फक्त स्वतःच्या पायाखाली बघायचं राहिलं होतं.

"आलात का?" मागून कुणीतरी म्हणालं. आवाज साधा होता, दमलेल्या पाहुण्याशी बोलतात तसा. "बसा. उभे किती वेळ राहणार?"

८

चार वाजता ताई राहिलेली नांगरट उरकायला बैल घेऊन उतरली. बांधावर पाटकरी हातातली नळी उलटसुलट करून बघत होता.

"हे कुणाचं गं?"

"मला काय माहीत? सरकारी दिसतंय." तिने एक नकाशा अर्धा उलगडला आणि परत गुंडाळला. "ठेवा ओट्यावर. ज्याचं असेल तो येईल विचारत."

"ताई," मोजणीदार म्हणाला. तो चौकोनाच्या अगदी कडेला येऊन उभा होता. पुढची जमीन दिसत होती, पण पाय पुढे पडत नव्हता. "ताई, मी इथे आहे."

नांगर सरळ त्याच्या रोखाने आला. बैलांच्या नाकपुड्या त्याला दिसल्या, ताईच्या कपाळावरचा घाम दिसला, लहानपणी त्याच्यापायी खोक पडून राहिलेली तिच्या भुवईवरची खूण दिसली. ती थेट त्याच्याकडे बघत होती. तो तिचं नाव घेऊन ओरडला, जे त्याने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं.

धाकटा बैल या हंगामातच जुंपलेला होता, त्याला वाट ठाऊक नव्हती. तो थेट पुढे येत राहिला. ताईने कासरा ओढला.

"अरे, वळ," ती मायेने म्हणाली. "इथे वळायचं असतं."

बैल वळला. ताई त्याच्यामागे वळली. ते वळण या खेपेला जरा जास्त रुंद होतं, एक माणूस उभा राहील एवढं. ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण नांगराच्या पुढच्या फेरीला ती तिथे थांबली आणि घाम पुसत गवताकडे बघत राहिली. मग तिने बैलांना हाकारलं आणि राहिलेलं शेत दिवस मावळायच्या आत नांगरून काढलं.